त्याच दिवशी आणखी काय झालं?

"आणि त्याच दिवशी आणखी काय झालं?"

कोणी कसलीही वाईट बातमी आणली की बाईंचा पहिला प्रश्न हा असे. बातमी आणणारा बिचारा दोन सहानुभूतीचे शब्द मिळतील म्हणून आलेला असायचा. बाई चष्मा कपाळावर चढवत, समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवत, आणि पोलिसाने जबानी घ्यावी तशा सुरात विचारत. समोरचा गडबडून आठवू लागे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्याला काहीतरी आठवत असे.

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक. बाई संख्याशास्त्र शिकवायच्या. एकदा मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, प्रिंटर गेला."

"आणि आणखी काय गेलं?"

"आणखी काही नाही." मग आठवलं. "हां, यूपीएस पण बंद पडलाय."

"आणि?"

"ऑफिसातला फोन."

"काल दुपारी मागच्या माडावर वीज पडली ना? मग तीन वस्तू नाही बिघडल्या, शिरधनकर. एकच गोष्ट झाली. तीन ठिकाणी दिसली."

त्या पुढच्या तासाला निघूनही गेल्या. प्रिंटर मलाच दुरुस्त करावा लागला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढे त्या वाक्यावर बाईंनी केवढं मोठं काम उभं केलं, ते मी जवळून पाहिलं.

बाई मूळच्या पूर्णगडच्या. रत्नागिरीत एका खोलीत भाड्याने राहत आणि शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जात. अंगाने काटक, सुती साडी, काखेत बारा महिने छत्री. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. स्टाफरूममध्ये काहींना त्या वासाचा त्रास होई. बाई खिडकी उघडत, डबा मात्र बंद करत नसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती भांडत नाहीत, पण जागची हलतही नाहीत.

जिल्ह्यातल्या मच्छीमार सोसायट्या आणि आंबा बागायतदार यांनी मिळून एक आपत्कालीन निधी काढायचं ठरवलं, तिथून ही हकीकत सुरू होते. कल्पना चांगली होती. मासळी नसेल त्या वर्षी आंबेवाल्यांनी हात द्यायचा, आंबा गेला तर मच्छीमारांनी. समितीचे अध्यक्ष आप्पा मोठे बागायतदार, गोड बोलणारे आणि घाईचे. त्यांनी पुण्याच्या एका सल्लागाराकडून अहवाल करून घेतला होता. तो कोणीतरी तपासून सही करावी म्हणून कागद कॉलेजात आले आणि प्राचार्यांनी ते बाईंकडे दिले.

अहवालामागे एक सिम्युलेशन होतं. म्हणजे संगणकात आपल्या जिल्ह्याचा छोटा संसार मांडायचा. मासळी, आंबा, येणारे पर्यटक, आखातातून घरी येणारा पैसा, हे सगळं एकमेकांना जोडायचं. मग त्याला धक्का द्यायचा आणि कोण कसं कोलमडतं, कोण सावरतं ते बघायचं. अहवालात चार प्रकरणं होती. पहिल्यात आंबा गेला. दुसऱ्यात बोटी बंद. तिसऱ्यात पर्यटक आले नाहीत. चौथ्यात आखातातल्या नोकऱ्या गेल्या. चारही वेळा निधी तरला होता.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावलं.

"प्रत्येक प्रकरणात बाकीचे तिघे एवढे धडधाकट कसे हो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आंबा पडतो तेव्हा बोटी चालू. बोटी बंद पडतात तेव्हा पाहुणे आलेले. दर वेळी पडणाऱ्याला धरायला तिघे उभेच. असं तुम्ही कधी पाहिलंत? वादळ काय बागेच्या कुंपणाशी येऊन थांबतं?"

मी उत्साहाने म्हटलं, "मग चारही धक्के एकदम देऊन बघू!" सल्लागाराने प्रोग्राम दिलेला होताच. मी चालवला. निधी पहिल्याच हंगामात संपला. मला वाटलं, काम झालं. बाईंनी मान हलवली.

"हे भीती दाखवणं झालं. ते कोणीही करेल. हे धक्के किती वेळा एकत्र येतात आणि एकमेकांना किती घट्ट धरून येतात, ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर आप्पा म्हणतील, बाई, आकाश कोसळेल त्याचंही गणित करा. आणि ते बरोबरच म्हणतील."

मग त्यांनी जाणत्या माणसांना विचारून एक तक्ता केला. कुठली दोन संकटं किती जोडीने येतात त्याचा. मी तो संगणकाला दिला, तर संगणक घेईना. चूक दाखवून थांबे. तीनदा करून पाहिलं. मी वैतागलो. बाई तक्ता बघत बसल्या आणि एकदम हसल्या.

"बरोबर आहे त्याचं. हे बघा. आंबा आणि मासळी नेहमी बरोबर पडतात म्हणे. मासळी आणि पर्यटक नेहमी बरोबर पडतात म्हणे. आणि आंबा नि पर्यटक मात्र एकमेकांच्या उलट. होईल का असं? तिघांना एका खोलीत बसवून बघा."

"म्हणजे कोणीतरी खोटं सांगितलं?"

"नाही हो. प्रत्येकाने आपापलं वाईट वर्ष आठवून सांगितलं. वर्षं वेगळी. आपल्याला मतं नकोत, दिवस हवेत."

दिवस कुठून आणायचे? सरकारी तक्ते वर्षाचे, आणि प्रत्येक खात्याचे वेगळे. त्यात आंब्याचं वाईट वर्ष दिसे, पण कुठल्या महिन्यात काय घडलं आणि शेजारच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, ते दिसत नसे. उपाय सापडला वेळणेश्वरला. जयगडची फेरीबोट ओलांडून आम्ही तिथे घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या एका काकूंकडे गेलो होतो. वादळ कधी झालं, असं बाईंनी विचारलं. काकू उठल्या आणि माळ्यावरून जुन्या दिनदर्शिकांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"याच्यात सगळं असतं बघा माझं. गॅस, दूध, सगळं."

तारखांच्या चौकटीत बारीक अक्षरांत नोंदी होत्या. 'सिलिंडर लावला.' 'दूध नाही.' आणि मध्येच 'मुंबईचे पाहुणे नको म्हणाले.' दोन दिवसांनी 'वाडीतली आंब्याची कलमं पडली.' त्याच आठवड्यात 'बाळ्या दुबईहून कायमचा आला.' बाईंनी बोट त्या चौकटींवरून फिरवत नेलं. मग खाली ओट्यावर फतकल मारून बसल्या आणि काकूंना म्हणाल्या, "तुम्ही माझं चार वर्षांचं काम केलंत."

त्यानंतर आम्ही दर रविवारी दिनदर्शिका गोळा करत हिंडलो. एसटीने, रिक्षाने, कधी कोणाच्या टेम्पोने. मी फोटो काढायचो, बाई वहीत उतरवायच्या. पूर्णगडला कासमभाई म्हणून मच्छीमार सोसायटीचे सचिव होते. त्यांच्या घरी मराठी दिनदर्शिकेवर नोंदी उर्दूत. त्यांच्या बायकोने लिहिलेल्या. कासमभाई एकेक वाचून दाखवत आणि मध्येच थांबत. "हां... ह्या दिवशी बोट किनाऱ्यावर आपटली. आणि ह्याच दिवशी धाकट्याचा फोन, कंपनीने काढला म्हणून. मी विसरलेलो, बाय. बायको नाही विसरली."

त्या दुपारी परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही खाडीकडेला बसलो होतो. बाईंनी न विचारता सांगितलं.

"मी नववीत असताना वडलांची होडी फुटली. अशाच एका वादळात. आई तेव्हा रत्नागिरीला सिव्हिलला होती. भाऊ मस्कतहून परत आलेला, हात हलवत. लोक म्हणतात, दिवस फिरले की सगळीकडून येतं. नशीब म्हणून सोडून देतात. मी तेव्हा विचार करायची की काका का नाही आले? मामा का नाही आला? पुढे कळलं, काकाचं छप्पर गेलेलं. मामाच्या बागेत एक कलम उभं नव्हतं. आमच्या मदतीला येणारी सगळी माणसं त्याच वाऱ्यात सापडली होती." मग त्या म्हणाल्या, "वर्षभर शाळा सुटली. आईबरोबर मासळीची पाटी घेऊन दारोदार जायची. वाईट नाही वाटायचं. कोडं वाटायचं."

गाडी आली. बाई छत्री सावरत चढल्या आणि तिकीट काढण्याआधीच वही उघडून बसल्या.

सगळे दिवस संगणकात भरल्यावर जे दिसलं ते मला पटायला वेळ लागला. एरवीच्या महिन्यांत आंबा आणि मासळी यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. सल्लागाराने सगळ्या वर्षांची सरासरी काढली होती, म्हणून त्याला ते सुटे सुटे दिसले. पण फक्त वाईट महिने वेगळे काढले, की सगळे एकमेकांना चिकटलेले.

"चांगल्या दिवसांत सगळे आपापल्या घरी," बाई म्हणाल्या. "वाईट दिवसांत सगळे एका घरात. तुम्ही चांगल्या दिवसांवरून वाईट दिवसाचा अंदाज बांधलात, की फसलात." त्यांनी सिम्युलेशनमध्ये दोन प्रकारचे महिने केले, साधे आणि वाईट. वाईट महिना लागला की धक्के एकमेकांचा हात धरून येत. असे हजारो महिने आम्ही संगणकाकडून घडवून घेतले. निधी वारंवार अशा दिवशी संपत होता, ज्या दिवशी त्याची सगळ्यांना एकदम गरज होती.

बाईंनी सही केली नाही.

आप्पा स्वतः कॉलेजात आले. "बाई, उद्घाटनाची तारीख ठरल्ये हो. मंत्र्यांचा होकार आलाय. तुमची दुरुस्ती पुढच्या वर्षी करू ना."

"करा की उद्घाटन. माझ्या सहीशिवाय करा."

"कॉलेजात दुसरेही शिक्षक आहेत."

"आहेत ना. पण सही कोणाचीही घ्या, मला सभासदांसमोर एक तास द्या. समितीसमोर नाही, सभासदांसमोर."

प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावलं. दोन सहकाऱ्यांनी जेवताना समजावलं. बाई भाकरी मोडत ऐकून घेत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. उगीच कशाला, असं मीही एकदा म्हणून बघितलं. "शिरधनकर," त्या म्हणाल्या, "कागद चुकला तर मला काय होणार? मी पेन्शन घेईन. ज्यांनी वाटा भरला ते त्या दिवशी आप्पांच्या दारात उभे राहतील, आणि दाराला कुलूप असेल."

शेवटी एक तास मिळाला. सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला बागायतदार, एका बाजूला मच्छीमार, मागे बायका. पुण्याचा सल्लागार पोरसवदा, नीट इस्त्रीतला, लॅपटॉप घेऊन पुढे बसला होता. मी पडद्यावर आलेख लावले. बाईंनी पहिला आलेख बघितला, लोकांचे चेहरे बघितले आणि मला म्हणाल्या, "बंद करा ते."

मग त्यांनी कासमभाईंना विचारलं, "बोटी बंद असतात तेव्हा तुमच्या घरच्या बायका काय करतात?"

"आंब्याच्या बागेत जातात. पेट्या भरायला."

"आप्पा, कलमं पडली त्या वर्षी किती बायका बोलावल्यात?"

"कशासाठी बोलावणार? आंबाच नव्हता."

"आणि बोटी?"

"त्याही बंदच होत्या," कासमभाई म्हणाले.

"मग घर कशावर चाललं? मुलाच्या पैशावर?"

कासमभाईंनी मान खाली घातली. "तोही घरी आलेला."

सल्लागार अदबीने उठला. "मॅडम, आम्ही चारही धक्क्यांचं नुकसान वेगवेगळं काढून बेरीजही केली आहे. तरी निधीला झेपतं."

"बेरीज होत नाही, बाळा. आंबा गेला तर घरातली बाई मासळी विकते. मासळी गेली तर पेट्या भरते. दोन्ही गेलं, तर दोन नुकसानं होत नाहीत. दोन्ही वाटा बंद होतात. ते तिसरंच काहीतरी असतं." मग त्या सभेकडे वळल्या. "आता मला सांगा, त्या दिवशी आणखी काय झालं?"

मग मागून एक बाई म्हणाली, "वीज नव्हती." दुसरी म्हणाली, "बँकेत रांग, आणि पैसे काढायचं यंत्र बंद." एकाने रस्ता सांगितला. एकाने फोन. सभागृह बोलायला लागलं. बाई फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेल्या आणि शेवटी खडू ठेवून म्हणाल्या, "तुमच्या निधीचं कार्यालय रत्नागिरीत. अर्ज तिथे करायचा, पाहणीला माणूस तिथून येणार. ह्या सगळ्या दिवशी तो माणूस कुठून येणार होता?"

उठून बोलले ते आप्पा. त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता.

"माझी कलमं पडली तेव्हा मी दोन दिवस फोन लावत होतो. सगळ्यांना. एकही लागला नाही."

ते खाली बसले. उद्घाटन लांबणीवर पडलं ते तिथेच, तसा ठराव फक्त मागून झाला. मंत्री रागावले म्हणे.

बाईंचा तोडगा साधा होता, पण करायला वर्ष गेलं. सभासदांचे वाटे वाढवून उपयोग नव्हता, कारण सगळे एकाच वाऱ्यात. म्हणून घाटावरच्या दोन शेतकरी सोसायट्यांशी करार केला. त्यांची वाईट वर्षं आपल्या वाईट वर्षांशी जुळत नव्हती, हे आधी त्यांच्याकडच्या दिनदर्शिका बघून तपासलं. त्यांच्या दुष्काळात आपण द्यायचं, आपल्या वादळात त्यांनी. तांदूळ, ताडपत्र्या, डिझेल गावोगावी आधीच ठेवायचं आणि किल्ली गावातच. पाहणी गावाने करायची, कोणाच्या परवानगीची वाट न बघता. कराराच्या बैठकांसाठी बाई साठीला टेकलेल्या वयात घाट चढून-उतरून दमल्या, पण एकही बैठक चुकवली नाही. तो पुण्याचा मुलगाही आपणहून येऊ लागला. "तुझं गणित चांगलं होतं," बाई त्याला म्हणाल्या, "दिवस चुकीचे घेतलेस." पुढचं सिम्युलेशन आम्ही तिघांनी मिळून केलं.

बाई निवृत्त होऊन पूर्णगडला कायमच्या गेल्या. त्यानंतर दुसऱ्या मे महिन्यात वादळ आलं. आंबा अजून झाडावर, बोटी खाडीत. वीज गेली, फोन गेले, आमच्या रस्त्यावर झाडं आडवी. दोन दिवस कोणाचाच काही पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी घाटावरून ताडपत्र्या भरलेले ट्रक उतरले. त्यातल्या पूर्णगडला जाणाऱ्या ट्रकात मी बसलो.

मला वाटलं होतं, आम्ही मदत घेऊन पहिले पोचतोय. गावात शिरलो तर शाळेच्या पडवीत चूल पेटलेली, भाताचं मोठं पातेलं उतरत होतं. आधीच साठा करून ठेवलेलं गावचं गोदाम वादळ ओसरताच उघडलं होतं. बाई कासमभाईंबरोबर घरोघर फिरत होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली आणि वही पुढे केली. "आलात? धरा. मला चष्म्यातून नीट दिसत नाही, काच तडकल्ये."

ती आमची शेवटची भेट. त्याच थंडीत, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन बाई गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण मला बाई आठवतात त्या वादळानंतरच्या त्या दिवशीच्या.

आम्ही ओळीने घरं घेत होतो. आत जायचं, छप्पर बघायचं, घरात माणसं किती ते विचारायचं, लिहायचं, ताडपत्री द्यायची. मधल्या एका घराची कौलं उडालेली, आत चूल भिजलेली, भिंतीशी पुस्तकांचा ओला ढीग. दाराशी कोणी नव्हतं. मी विचारलं, "हे कोणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "कासमभाई, हे तुम्ही बघून लिहा. माझं मी ठरवायला नको."

कासमभाईंनी माझ्याकडून वही घेतली आणि आत डोकावून पाहिलं. "अर्धं छप्पर गेलं, बाय."

"अर्ध्यापेक्षा कमी आहे. नीट बघा."

कासमभाईंनी नीट बघितलं. "अर्धंच आहे," ते ठामपणे म्हणाले आणि तसंच लिहिलं. बाईंनी हुज्जत घातली नाही. आपली ताडपत्री उंबऱ्याच्या आत ठेवली, पदर कमरेला खोचला, वाटेत आडवी पडलेली फांदी ओलांडली आणि पुढच्या घराकडे निघाल्या. तिथल्या बाईने त्यांना येताना पाहिलं होतं. ती अंगणात येऊन उभी होती.